जैतूनभाभीचा सोमवार

जैतूनभाभी,

तू गेल्याचं मला आळेफाट्यावर चहाच्या टपरीत कळलं आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं येडगावच्या धरणावरचे बगळे उडाले. हजार बगळे होते. तू असतीस तर पदर तोंडाला लावून म्हणाली असतीस, "दहानं भागा, भोंगेभाऊ." बरं बाई, शंभर. पण यापुढं माझ्या बोलण्याला दहानं भागणारं ह्या तालुक्यात कुणी उरलं नाही. मोकळं रान मिळालंय, आणि त्यात एकट्यानं पळायला मजा येईना.

तुझा जन्म कुठला, शाळा किती, पोरं काय करतात, ते फलकवाले लिहितील. चौकात त्यांनी तुझा असा फोटो लावलाय की ही बाई जन्मात कधी हसली नसेल असं वाटावं. मला तुझ्याशी बोलायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि बोलायची पाळी माझी होती.

आपली गाठ पडली घाटात. नदीवर उतरतो तो घाट नव्हे, बैलगाडा पळतो तो. मी तिथला निवेदक. गाडा सुटला की माईकवर "भिर्रर्र" म्हणायचं आणि वर पोचला की बैलाचं, मालकाचं, जमलंच तर मालकाच्या सासऱ्याचंही गुणगान गायचं, हा माझा धंदा. माझ्या आवाजावर एकदा हरलेली जोडी मागं फिरून पुन्हा पळाली आणि पहिली आली. त्या दिवशी एक गाडा पळून दुसरा सुटायच्या मधे, दोन बाऱ्यांच्या मधे, तू थेट स्टेजवर चढलीस. पंच ओरडले, "ओ चाची, खाली उतरा, बैल अंगावर यील." तू म्हणालीस, "बैल सरळ चालतो. मला मानसांची भीती हाय." ते फक्त मला ऐकू आलं, कारण तुझा आवाज म्हणजे मांजराच्या पिलानं शेजारणीकडं दूध मागावं तसा.

"मी जुन्नरात धुणीभांडी करती," तू सांगितलंस. "आमी समद्या बाया एक व्हनारे. आठवड्याची एक सुट्टी मागायचीय. पर आमचं कुनाला ऐकूच येत न्हाई. बैलाचं ऐकाया एवढं मानूस जमतंय. तुमचा भोंगा आमाला द्या."

"बदल्यात काय?"

"चहा."

मी फसलो. सगळ्या जुन्नरात तुझ्या हातच्या चहाची ख्याती. तुझ्या मालकिणी एकमेकींना सांगायच्या, आमच्या जैतूनसारखा चहा पुण्यात मिळायचा नाही. म्हणून मी तुझ्या घरी आलो, पहिला घोट घेतला आणि वाटलं, हिनं चुकून फडका उकळला. तुला विचारलं तर म्हणालीस, "चांगला चहा लोकांच्या घरी करून संपतो, भाऊ. घरी उरतो त्यो ह्यो." मी कप खाली ठेवला नाही. अजूनही सांगतो, चहा वाईटच होता.

त्याच चहावर तू मला तो प्रश्न विचारलास. बायांना सुट्टी हवी, पण कुठल्या वारी? रविवारी सगळ्यांकडं पाहुणे, शनिवारी उपास-खिचडी, गुरुवारी आरत्या. मालकिणी म्हणायच्या, वारच शिल्लक नाही गं. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "तुमच्या बैलांना सुट्टी कंदी असती?"

"सोमवारी. सोमवारी बैल जुंपायचा नाही. महादेवाचा नंदी तो. आज्यानं पाळलं, पणज्यानं पाळलं. पेरणी चुकली तरी चालेल."

"मंग त्या दिशी वैरन कमी घालता?"

"छ्या! उलट पेंड थोडी जास्तच."

तू एकदम मांडीवर थाप मारलीस, कपातला चहा सांडला (बरंच झालं) आणि म्हणालीस, "भरपगारी!"

माझ्या घराण्यानं सात पिढ्या सोमवार पाळला, भाभी. सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात हे आलं नाही. आणि महादेवाचा वार धुण्याभांड्यांना मागून घेतला तो तू, पाच वेळच्या नमाजीनं. तुझ्या गल्लीतले एक बुजुर्ग तुला म्हणालेसुद्धा, "अगं, जुम्मा मागायचास, सोमवार काय मागतीस?" तू म्हणालीस, "चाचा, भांडी ज्यांची, वार त्यांचा घ्यावा. जुम्मा मागितला तर माझा एकटीचा व्हईल. सोमवार समद्यांना मिळंल."

मग आपण डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांच्याकडं मैना काम करायची. मैना म्हणजे तुझ्या सगळ्या बायांतली मुखदुर्बळ; तिला नाव विचारलं तरी ती आधी तुझ्याकडं बघायची. डॉक्टरीणबाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी आपल्याला बसवलं, पंखा लावला आणि म्हणाल्या, "सुट्टी वगैरे नियम कारखान्यात ठीक आहेत. मैना आम्हाला घरच्यासारखी आहे."

तू विचारलंस, "घरच्यासारखी म्हंजी कशी, बाई?"

"म्हणजे आम्ही तिच्यात आणि आमच्यात काही फरक करत नाही."

"मंग दुपारच्याला तुमी आडव्या व्हता तवा तिनं कुठं आडवं व्हायचं? हॉलमदी का आत?"

मैना फरशीकडं बघत राहिली. मी छताकडं. खिडकीत तिचा कान तुटलेला कप वेगळा उपडा घातलेला होता. तोही कुणाकडं बघत नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विचार करू. बाहेर आल्यावर मी म्हणालो, बाई मऊ पडली, माया आहे तिच्यात. आणि आपलं भांडण सुरू झालं ते तिथं, त्या फाटकाशी. तू म्हणालीस, "माया हाय ना. म्हनून तर कायदा पायजे. माया आसलेल्या मानसासंगं भांडता येत न्हाई."

आता मोर्चाचं सांगतो. ही चूक तालुकाभर माझ्या नावावर आहे, पण ती चूक होती हे मी अजून मान्य केलेलं नाही.

ठरलं असं की सोमवारी सकाळी बायांनी कामावर न जाता कचेरीसमोर बसायचं. कुठली कचेरी ते लिहीत नाही. मला शर्यतींच्या परवानग्या तिथूनच घ्याव्या लागतात. तू म्हणाली होतीस, कुणी कामाच्या साडीत यायचं नाही, नटूनथटून यायचं, आपण भीक मागायला चाललेलो नाही. एवढं सगळं मला टेम्पोतून गावोगाव पुकारायचं होतं. मी माईक हातात घेतला. आता सांग, वीस वर्षं ज्या तोंडानं एकच सुरुवात केली ते तोंड ऐनवेळी दुसरं काय बोलणार? मी म्हणालो, "तमाम गाडामालक, चालक आणि शौकीन बंधूंनो!" आणि पुढं तुझंच सगळं, एक अक्षर इकडचं तिकडं न करता: "सोमवारी सकाळी कचेरीसमोर हजर राहा! नटूनथटून या! वर्षानुवर्षं जुंपलेल्यांना न्याय मिळणार!"

टेम्पो जुन्नरहून निघाला तो नारायणगाव, मंचर करत पार अवसरीपर्यंत गेला. आवाज लागला होता.

सोमवारी तुझ्या बाया वेळेवर येऊन बसल्या. लग्नातल्या साड्या, गजरे, मैनानं तर नथसुद्धा घातली होती. शिपाई येऊन सांगून गेला, साहेब मिटिंगमध्ये आहेत. थोड्या वेळानं पुन्हा सांगून गेला, अजून मिटिंगमध्येच आहेत. खिडकीतून साहेब दिसत होते. त्यांची मिटिंग भजीच्या प्लेटबरोबर होती. आणि तेवढ्यात हलगी वाजली.

पिकअप आल्या. एकामागं एक, एकामागं एक, दोनशे पिकअप. (वीस. बरं, चौदा.) प्रत्येकीत बैल. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग. सगळ्यांत पुढं अवसरी बुद्रुकचे आबा, फेटा बांधून, आणि त्यांचा सर्ज्या. घाटात भल्याभल्यांना धूळ चारलेला. आबांनी खाली उतरून चौफेर बघितलं.

"आयला, भाऊ, हितं तर समद्या बायाच हायेत. बैलांचा सत्कार कुठंय?"

मी म्हणालो, "आबा, जरा घोटाळा झाला."

तोवर सर्ज्या व्हरांड्यात चढला होता. तिथं साहेबांनी हौसेनं लावलेल्या शोभेच्या झाडांच्या कुंड्या होत्या. होत्या. झाडं खाऊन झाल्यावर त्यानं खिडकीतून मान आत घातली आणि भजीची मिटिंग संपली. सकाळपासून बायांसाठी न उठलेले साहेब बैलासाठी उठले. धावतच बाहेर आले. "हे काय चाललंय? कुणाचे बैल हे?"

माझं तोंड आयुष्यात पहिल्यांदा बंद पडलं. तू पुढं झालीस. माईक मी तुझ्या तोंडाशी धरला तेव्हा कुठं ते मांजराचं पिलू सगळ्या आवाराला ऐकू आलं: "साहेब, ह्ये आमचे पावनं हायेत. सोमवार हाय, त्यांना सुट्टी हाय, म्हनून आलेत. आमाला सुट्टी न्हाई, तरी आलोत."

हलगी थांबली. सर्ज्यानंही चघळायचं थांबवलं, मी शपथेवर सांगतो.

मग आबा बोलले, आणि हा भाग मी वाढवून सांगत नाही, वाढवायची गरजच नाही. आबांनी विचारलं, "म्हंजी ह्या बायांना सोमवारी जुंपत्यात?" तू म्हणालीस, "सोमवारी बी, आमुशाला बी, दिवाळीला बी." आबांचा चेहरा असा झाला जसा कुणी देवळात चपला घालून गेल्यावर व्हावा. ते म्हणाले, "आमच्यात सोमवारी औत धरलं तर गाव तोंड बघत न्हाई त्याचं. ज्याच्या घरी बाईला सोमवार न्हाई, त्याच्या दारात मी सर्ज्या आनून बांधीन. मंग बघू शेन कोन काढतंय!"

साहेबांनी तुझं म्हणणं "वर कळवतो" म्हणून सांगितलं. वर म्हणजे किती वर, ते महादेवालाच ठाऊक. पण सर्ज्याची बातमी मात्र त्याच दिवशी घरोघर पोचली. डॉक्टरीणबाई सोळा सोमवारांचं व्रत करायच्या. बाहेर नंदीला विश्रांती आणि आत मैना उष्टी काढतेय, हे त्यांच्या मनाला खाऊ लागलं असणार. पहिला सोमवार त्यांनीच दिला. भरपगारी. मग त्यांची जाऊ, मग समोरची मास्तरीणबाई, मग अख्खी कॉलनी. सर्ज्याला कुठंही बांधावं लागलं नाही. मी मात्र सगळीकडं सांगत सुटलो की त्यानं तीन फाटकं मोडली.

आणि त्याचं फळ मला काय मिळालं? पुढच्याच सोमवारी माझी बायको सुमन सकाळी उठली आणि पुन्हा आडवी झाली. मी विचारलं, तब्येत? म्हणाली, "बैलाला सोमवार, मैनाला सोमवार. मी काय घोडं मारलंय?" मी तुला फोन केला, भाभी, तक्रार केली, की तुमच्या चळवळीची आग माझ्या चुलीपर्यंत आली. तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला आणि पोरानं फोन घेतला. दुपारी तू आळ्यात माझ्या घरी हजर, माझं पिठलं बघायला. एक घास खाल्लास, पाणी प्यालीस आणि म्हणालीस, "कुनाच्या घरी ह्ये केलं तर त्याच दिशी कामावरून काढत्याल." पण ताट संपवलंस. तुझ्या चहाचा मी असा मान कधी ठेवला नाही, हे बघून ठेव. तेव्हापासून सोमवारी मीच रांधतो. पिठलं आता गाठी न होता येतं. हे तुला सांगायचं होतं, राहिलं.

भांडण मात्र चालूच होतं. दिवाळीचा सोमवार आला तेव्हा मालकिणी म्हणाल्या, एवढा सोमवार सोड. मग लग्नसराईतला सोडा. मग कुणाच्या सुनेचं बाळंतपण. तू मला फोन करून म्हणायचीस, "बघा, चालला हातातनं." तुला लिहिलेलं हवं होतं. सुट्टी, आजारपण, आणि कामावरून काढायचं तर आधी सांगून काढणं. सरकारनं कामगार म्हणायचं आणि त्यावर शिक्का मारायचा. मी म्हणायचो, कायद्यानं कुणाचं मन बदललंय? लोकांना लाज वाटली, काम झालं. लाज पुरते.

तू म्हणालीस, "लाज आज घरी हाय, भोंगेभाऊ. उद्या म्हायेराला गेली तर?"

 मी फोनमध्ये "हॅलो, हॅलो, रेंज नाही" असं ओरडलो. तू म्हणालीस, "तुमच्या आवाजाला रेंज लागत न्हाई. इचार करा आन् उद्या सांगा. आपल्याला पुन्याला जायाचंय, मोठ्या हापिसात."

तो सोमवार होता. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी बैलाला पाणी दाखवताना उत्तर सापडलं. असलं उत्तर की मी एकटाच गोठ्यात हसलो. पण मंगळवारी हळदीच्या कार्यक्रमात माईक होता, म्हटलं बुधवारी निवांत फोन करू. बुधवारी सकाळी टपरीवर कळलं की तू पहाटे नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला उठलीस आणि तिथंच बसलीस ती बसलीसच.

तर उत्तर आता घे. कायदा झाला तरी तो पाळायला लाजच लागते, भाभी! बोल आता. ...बघ, एवढं जोरदार उत्तर आणि समोरून काहीच नाही. जिंकण्यात इतका बेचवपणा मी कधी चाखला नव्हता. तुझा चहा बरा.

त्या बुधवारी तुझ्या गल्लीत आलो तेव्हा बाया आधीच सतरंजीवर बसल्या होत्या. दुपारच्या नमाजानंतर तुला न्यायचं होतं. कामाची वेळ, आणि सगळ्या इथं. मी भिंतीकडेला खुर्ची घेऊन बसलो. मैनाचा फोन वाजला. तिच्या फोनचा आवाज माझ्यासारखाच, कमी होत नाही. सगळ्या गल्लीला डॉक्टरीणबाई ऐकू आल्या. खरंच रडत होत्या.

"मैना, कळलं गं मला. फार वाईट झालं. घरच्यासारखी होती आपल्याला. मी पण येतेच आहे. फक्त तू जरा आधी येऊन जा. पाहुणे आहेत, रात्रीची सगळी भांडी पडलीत."

सगळ्या बाया मैनाकडं बघायला लागल्या. मैनानं सवयीनं तुझ्या दाराकडं बघितलं. आत तू पांढऱ्या चादरीखाली होतीस, तुझ्याकडून काही मदत नव्हती. मला वाटलं ही उठणार. तिनं पदर सावरलासुद्धा.

"बाई," ती म्हणाली, "मी आज येनार न्हाई. तुमी या."

"अगं, पण आज बुधवार आहे ना?"

"व्हय, बुधवारच हाय," मैना म्हणाली आणि फोन ठेवला.  शेजारच्या बाईनं तिचे हात धरून आपल्या मांडीवर ठेवले.

डॉक्टरीणबाई आल्या, पण उशिरा. तुला उचलायची वेळ होत आलेली. चपला काढून त्या बायांत बसायला लागल्या तशी एका म्हातारीनं सरकून जागा केली आणि आपलं सहज विचारलं, "का गं बाई, उशीर केला?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भांडी होती."

भाभी, मयतीच्या घरात हसू नये. सगळ्यांनी पदर तोंडात कोंबले. आधी मैना फुटली. मग म्हातारी. मग बाकीच्या. शेवटी डॉक्टरीणबाईंना कळलं की आपण काय बोललो, आणि त्याही हसल्या, आणि हसता हसता पुन्हा रडल्या, ओल्या पदरानंच डोळे पुसत. तुझे आत गेलेले पाहुणे बाहेर डोकावून बघू लागले, की हा कसला आवाज.

मी तुझ्या खाटेला खांदा दिला. तू हलकी होतीस. हे मी वाढवून सांगत नाही आणि कमी करूनही नाही.

आता मी रोज त्याच फोनचा विचार करतो. मैनानं कायदा दाखवला नाही, तिच्याकडं तो अजून नाहीच. तिनं लाजही काढली नाही. तिनं नुसतं सांगितलं. मग हा मुद्दा तुझा धरायचा का माझा? मला वाटतं माझा. तू असतीस तर म्हणाली असतीस, एक मैना सांगू शकली, बाकीच्यांनी काय करायचं? त्यांच्या हातात काय? आणि मग मला पुन्हा रेंज गेली असती.

काल मैनाचा फोन आला. पुण्याच्या मोठ्या हापिसात जायचंय म्हणाली, सोमवारी, टेम्पो आणि भोंगा घेऊन. मी म्हणालो, हंगाम आहे, यात्रा आहेत, जरा बघून सांगतो.

"बघू नका," मैना म्हणाली. "सातला या. आन् सुरवातीला गाडामालक म्हनायचं न्हाई."